नवतप्यात सी मॉस जेल सांभाळताना

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी सी मॉसचं, म्हणजे एका समुद्री शेवाळाचं, जेल करायचं आणि ते टिकवायचं काम माझ्याकडे आलं. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नसतो. माहिती शोधायला बसले तर जे सापडलं ते सगळं चोवीस तास वीज असलेल्या घरांसाठी लिहिलेलं. 'फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं' हे वाक्य जिकडेतिकडे होतं. पण भर दुपारी फ्रीजच तीन-चार तास बंद राहिला तर काय करायचं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून जे जसं घडलं ते तसंच मांडते आहे. खेड्यात राहून हे करणाऱ्या बाईला माझ्याइतकी शोधाशोध करावी लागू नये.

झालं असं की सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि नणंदबाई, म्हणजे आमच्या ताई, मुंबईहून दोन-अडीच महिने राहायला यायच्या होत्या. त्या गेली काही वर्षं रोज सकाळी चमचाभर सी मॉस जेल ताकात किंवा फळांच्या रसात घेतात. मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला, "वहिनी, सुकं शेवाळ मी तुमच्या पत्त्यावर मागवते. जेल आपण तिथंच करू." मी हो म्हटलं. तोवर मी ही वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

पाकीट पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला पोस्टानं आलं. दोनशे ग्रॅमला साडेसातशे रुपये. आत पिवळसर सोनेरी, फांद्या फुटलेल्या वाळक्या मुळ्यांसारखं काहीतरी, अंगावर मिठाचे पांढरे कण आणि पाकीट उघडताच बंदरावरचा वास. सासूबाईंनी ते हातात घेऊन दाबून पाहिलं. "काय व माय, तलावातलं शेवाळ आता पैसे देऊन खातेत काय?" ताई हसल्या, पण प्रश्न रास्त होता, आणि पहिलं काम मी तेच केलं. ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहिलं.

सी मॉस या नावानं बाजारात एकच वनस्पती विकली जात नाही. मूळचं आयरिश मॉस म्हणजे कॉन्ड्रस क्रिस्पस, ते अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावर खडकांवर वाढतं. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक वेळा दुसरं लाल शेवाळ असतं, ग्रॅसिलारिया नाहीतर कॅपाफायकस. आमच्या पाकिटावर कॅपाफायकस अल्वारेझी लिहिलेलं होतं आणि माल तमिळनाडूचा होता. तिकडे रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बांबूचे तराफे करून, दोरीला रोपं बांधून त्याची शेती होते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं ही लागवड आपल्याकडे रुजवली. साधारण ४५ दिवसांत पीक हाती येतं, हे वाचून आमच्या घरातले कापूसवाले बराच वेळ त्याच्यावरच बोलत बसले. या शेवाळातून कॅराजीनन निघतं. आइस्क्रीम आणि टूथपेस्ट घट्ट करायला वापरतात ते हेच, आणि जेल धरतं तेही त्याच्यामुळेच.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक होता. तो मी फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. तिथं क्रमांकावरून परवानाधारकाचं नाव आणि परवान्याची मुदत कळते. आमच्या इथं नेट रांगतं, त्यामुळे पान उघडायला बरीच वाट पाहावी लागली, पण नाव जुळलं आणि परवाना चालू होता. हे तपासायला पैसे लागत नाहीत. समुद्री शेवाळ ज्या पाण्यात वाढतं त्यातलं आर्सेनिक, शिसं, कॅडमियम शोषून घेऊ शकतं, आणि ते धुऊन किंवा उकळून पूर्णपणे जाईल असा भरवसा नसतो. म्हणून सुटं, बिनलेबलचं शेवाळ कुणी स्वस्तात देत असेल तरी मी घेणार नाही.

पुढचा प्रश्न सासूबाईंचा होता. ताईंना वाटत होतं आईलाही रोज एक चमचा द्यावा. सासूबाईंना थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि शेवाळात आयोडीन असतं, ते किती असेल हे पाकिटागणिक बदलतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं आणि आपल्या मिठात ते आधीच घातलेलं असतं. जास्त झालं तर थायरॉइडचं काम बिघडू शकतं. मी ताईंना स्पष्ट सांगितलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंना एक थेंबही द्यायचा नाही.

ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्यांसाठी आम्हाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायचंच होतं. सोमवार होता, रांग मोठी होती. केसपेपरला पैसे लागले नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तो मोफत झाला आहे. आधारकार्डाची झेरॉक्स, जुना थायरॉइडचा रिपोर्ट आणि सी मॉसचं पाकीटच सोबत नेलं होतं. पाकीट नेल्याचा फार उपयोग झाला, कारण 'शेवाळ' एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टरांना काही अंदाज आला नसता. त्यांनी लेबल वाचलं, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट घेऊन परत यायला सांगितलं. रिपोर्ट काही दिवसांनी आला. गोळीचा डोस बरोबर बसला होता. डॉक्टर म्हणाले, "आजींचं सगळं जागेवर आहे, ते कशाला हलवता? यांना देऊ नका." ताईंना त्यांनी विचारलं की रक्त पातळ करायची काही गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, थायरॉइडचा त्रास आहे का. तिन्हीला नाही म्हटल्यावर चमचाभराच्या वर जाऊ नका, एवढंच सांगितलं. ताई परतीच्या एसटीत गप्प होत्या. आईसाठी काहीतरी चांगलं करावं असं त्यांच्या मनात होतं, ते मला कळत होतं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच सासूबाईंना सांगितलं, "आई, तुला नको म्हटलं डॉक्टरनं." सासूबाई म्हणाल्या, "मले नाहीच पाह्यजे होतं ते."

आता साठवणीकडे येते, कारण खरी कसोटी तिथंच होती.

जेल करण्याआधी मी फ्रीजचा अभ्यास केला. आमचा फ्रीज एका दाराचा, वर छोटा बर्फाचा कप्पा असलेला, आठ-नऊ वर्षांचा आहे. ऑनलाइन दोनशे ऐंशी रुपयांचा काट्याचा थर्मामीटर मागवला, तो मतदानाच्या आठवड्यात, म्हणजे २६ एप्रिलच्या आसपास आला. तो नुसता फळीवर टेकवायचा नाही. पेलाभर पाण्यात उभा करून रात्रभर ठेवायचा, म्हणजे दार उघडल्याबरोबर काटा नाचत नाही आणि पदार्थाच्या आतलं तापमान कळतं. मधल्या फळीवर मागच्या बाजूला सकाळी ४ अंश भरले. दाराच्या कप्प्यात, जिथं आपण सवयीनं बाटल्या ठेवतो, दुपारी ११. एकाच फ्रीजमध्ये एवढा फरक. बर्फाच्या कप्प्यात उणे ९ च्या खाली काटा गेला नाही. डीप फ्रीझरमध्ये उणे १८ असावं लागतं, आणि 'गोठवलेलं जेल तीन महिने टिकतं' असं जे लिहिलेलं असतं ते त्या उणे १८ चं असतं. आमच्या कप्प्याला तो हिशोब लावायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र साधं आहे. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० अंशांच्या वर ठेवा, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. एरवी बाहेर दोन तास चालतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये दुपारी ३९-४० असतात. म्हणजे आपल्या हातात नेहमीच एक तास असतो, दोन कधीच नसतात.

सासूबाईंनी रांजणाचा पर्याय सुचवला. पूर्वी दही, लोणी, पालेभाजी सगळं ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवायच्या. मी थर्मामीटर रांजणात सोडून पाहिला. बाहेर ४३ असताना आत २५ भरले, ही मोठीच गोष्ट आहे, आणि वांगी-मेथीला ते पुष्कळ झालं. पण जेलला ५ च्या खाली लागतं. मग त्यांनी विचारलं, "लोणचं वर्षभर राह्यते, मंग हे काऊन नाही राह्यत?" हे मी त्यांना समजावलं ते इथंही लिहिते, कारण माझ्या मैत्रिणींनीही हेच विचारलं. लोणच्यात मीठ असतं, आंबटपणा असतो, वरून तेलाचा थर असतो. जेलमध्ये यातलं काहीच नाही. त्यात भरपूर पाणी आहे, मीठ आपणच धुऊन काढलेलं आहे आणि आंबट तर ते नाहीच. जंतूंना हवं ते सगळं त्यात आहे.

त्याच कारणानं बरणी उकळून, झाकण घट्ट लावून जेल बाहेर फडताळात ठेवायचा प्रयोग कुणी करू नये. असे व्हिडिओ फिरतात, ताईंनीही मला एक दाखवला. कमी आंबट, ओल्या, हवाबंद पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्यानं, १०० अंशांना मरत नाहीत, आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. लिंबू पिळल्यानं जेल थोडं आंबट होतं आणि फ्रीजमध्ये बरं राहतं, पण अर्ध्या लिंबानं ते लोणचं होत नाही. आम्ही लिंबू घालत होतो, तरी फ्रीजबाहेर ठेवायचा विचार केला नाही.

पहिलं जेल एप्रिल सरता सरता केलं. सुकं शेवाळ मूठभरच घेतलं, पंचवीसेक ग्रॅम. तीन-चार पाण्यांनी चोळून धुतलं. पहिल्या पाण्याच्या तळाला रेती आणि शिंपल्याचा बारीक चुरा बसला होता, आणि एका फांदीला मासेमारीच्या जाळ्याचा निळा धागा गुंडाळलेला निघाला. म्हणून घाई न करता एकेक फांदी उलगडून पाहावी. मग उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून, झाकून, भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. सगळीकडे 'ओट्यावर रात्रभर भिजवा' असं लिहिलेलं असतं, पण ते थंड देशातल्या ओट्याबद्दल आहे. आमच्याकडे रात्री अकरालाही घरात ३५ अंश असतात. फ्रीजमध्ये भिजायला वेळ लागतो, पण सकाळी फांद्या फुगून काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या आणि वास जवळजवळ गेला.

इथं ताईंचं आणि माझं जमेना. त्या मुंबईत न शिजवता नुसतं मिक्सरमधून काढतात, शिजवलं की सत्त्व जातं म्हणतात. मी शिजवण्यावर ठाम राहिले. कॅपाफायकसमधलं कॅराजीनन गरम पाण्यात नीट विरघळतं आणि गार होताना धरतं, त्यामुळे जेल एकजीव होतं. दुसरं म्हणजे इतक्या हातांतून आलेली वस्तू या उन्हाळ्यात कच्ची वाटून ठेवायची माझी तयारी नव्हती. गंजात, म्हणजे पातेल्यात, ताजं पाणी घालून वीसेक मिनिटं मंद उकळलं, मिक्सरमधून काढलं, लिंबू पिळलं. ताईंनी चाखून पाहिलं आणि नितळ झालं म्हणाल्या. पुढे तसंच करत राहिलो.

गार करणं हा सगळ्यात नाजूक टप्पा वाटला. गरम जेल बरणीत भरून तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. बाहेर ठेवलं तर एक तास केव्हाच संपतो. मी ते स्टीलच्या परातीत पातळ पसरलं, परात बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि स्वच्छ उलथण्यानं हलवत राहिले. दहा-पंधरा मिनिटांत ते गार होऊन धरायला लागलं. तेवढ्यात बरण्यांत भरून घ्यायचं. बर्फ आदल्या दिवशीच जमवून ठेवावा लागतो. एकदा ऐनवेळी बर्फ नव्हता तेव्हा गावातल्या रसवंतीवाल्याकडून दहा रुपयांचा आणला, पण तो नुसता परातीखाली वापरायचा, जेलला लागू द्यायचा नाही.

बरण्या काचेच्या, लहान तोंडाच्या नव्हे, आत हात जाईल अशा. घरातल्याच जॅमच्या बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळल्या आणि धुतलेल्या पंच्यावर पालथ्या घालून वाळवल्या. पुसायच्या नाहीत, फडक्यामुळेच घाण परत लागते. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. बरणी छोटीच हवी, चार-पाच दिवसांत संपेल एवढी. एक उघडी असेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, चमचा कोरडा आणि दरवेळी नवा. उष्टा चमचा एकदा जरी बुडाला तरी ती बरणी त्याच दिवशी संपवायची नाहीतर टाकायची.

उरलेलं जेल बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवलं. दीडशे रुपयांचा झाकणाचा सिलिकॉनचा ट्रे घेतला होता. साधा ट्रे चालतो, पण मग वरून वास लागतो, आमच्या कप्प्यात कधी वाटाणे असतात, कधी पाहुण्यांसाठी आणलेली मासळी. वड्या घट्ट झाल्या की डब्यात काढायच्या आणि रोज एक वडी रात्री वाटीत घालून, झाकून, फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवायची. सकाळपर्यंत सुटते. ओट्यावर वितळवायची नाही आणि सुटलेली परत गोठवायची नाही. काचेची बरणी गोठवणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, जेल फुगतं आणि काच तडकते.

फ्रीजमधल्या बरणीला मी आठवड्याची मुदत ठरवली, वड्यांना महिन्याची. ताईंना ती फार कडक वाटली, मुंबईत त्यांचं जेल तीन आठवडे जातं. पण लिस्टेरियासारखे जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात, आणि आमचा फ्रीज दिवसातून कितीदा कोमट होतो ते थर्मामीटर सांगत होता. अक्षय्य तृतीयेला, १० मेला, दुपारी पाहुणे होते, दार सारखं उघडत होतं, त्यात दोन तास लाइन नव्हती. मधल्या फळीवर ८ दिसले. त्या दिवशीची उघडी बरणी सकाळी पाहिली तर वास ठीक होता, रंग ठीक होता, तरी ती उकंड्यावर गेली. शंभरेक रुपयांचंही जेल नव्हतं ते. वासावर जायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आंबूस वास, वर सुटलेलं पाणी, बुडबुडे, गुलाबी किंवा करडी झाक, तार सुटणं ही बिघडल्याची चिन्हं आहेतच. पण आजारी पाडणारे जंतू दरवेळी ही चिन्हं दाखवत नाहीत. किती तास, किती अंश, त्यावरच ठरवायचं.

लाइन गेल्यावर काय करायचं, हे मेमध्ये घरातल्या सगळ्यांना पाठ झालं. दार उघडायचं नाही. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गार राहतो. बर्फाचा कप्पा गच्च भरलेला असेल तर जास्त टिकतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या. चार तास होत आले की त्यातल्या दोन बाटल्या झटकन मधल्या फळीवर, बरण्यांच्या दोन्ही बाजूंना लावायच्या. आपण घरी नसताना लाइन किती वेळ गेली होती हे कळायला एक सोपी खूण आहे. वाटीत पाणी गोठवायचं, वर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी तशीच कप्प्यात राहू द्यायची. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात रुतलेलं किंवा तळाला गेलेलं दिसलं तर कप्पा वितळून पुन्हा गोठलेला आहे, मग वड्या खायच्या नाहीत. आमच्या लेकीला हे नाणं पाहायचं काम दिलं होतं. ती शाळेची सुट्टी असल्यानं दिवसातून दहादा पाहायची आणि तेवढ्या वेळा कप्पा उघडायची, म्हणून शेवटी बाहेरगावाहून आलो तरच पाहायचं असं ठरलं.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेला लागला. त्यातच एका संध्याकाळी वावटळ आली, धूळ, चार थेंब, आणि आमच्या बाजूची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. पहिली रात्र सपरीत, म्हणजे ओसरीत, काढली. ह्यांनी तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, तो वहीत लिहून ठेवला. गावातल्या दोघातिघांनी मिळून एकत्र अर्ज दिला, त्यावर सगळ्यांचे ग्राहक क्रमांक टाकले. बिलावर असतो तो बारा आकडी क्रमांक हाताशी असला की काम लवकर होतं. तरीही नवी डीपी यायला दोन दिवसांच्या वर गेले. माझं सगळं लक्ष फ्रीजकडे होतं. रात्री बाटल्या लावल्या. पहाटे मधल्या फळीवर ७, सकाळी दहाला १३. बरण्या त्याच वेळी काढून टाकल्या. वड्यांचा डबा कप्प्यात होता, दुपारपर्यंत कडा सुटून खाली पाणी दिसायला लागलं. ताई म्हणाल्या, "आतून अजून घट्ट आहेत वहिनी, आज संपवून टाकू काय?" ज्या वड्यांत बर्फाचे कण दिसतात त्या अजून थंड असतात हे खरं, त्यातली एक त्यांनी तेव्हाच ताकात घेतली. उरलेल्यांना पुढे गारवा मिळणार नव्हता. त्या टाकल्या. म्हशीच्या टोपल्यातही घातल्या नाहीत, बिघडत चाललेली वस्तू जनावराला तरी का द्यावी. फार वाईट वाटलं. धुण्यापासून वड्या काढण्यापर्यंत दोन दिवसांची मेहनत होती ती.

पण नुकसान तेवढ्यावरच थांबलं, कारण तोवर माझी एक गोष्ट पक्की झाली होती. साठवायचं ते सुकं शेवाळ, जेल नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, सरगुंडे वाळवून वर्षाची बेगमी करतात. पाणी काढून टाकलं की पदार्थ राहतो, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. शेवाळही किनाऱ्यावर वाळवूनच आपल्यापर्यंत येतं. मग ते भिजवून महिन्याभराचा साठा करून फ्रीजच्या जिवावर का ठेवायचा? मूठभर भिजवावं, आठवड्याचं करावं. सुकं उरलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, चुलीपासून लांब, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवलं होतं. लाइन असो नसो, त्याला काही झालं नाही.

डीपी बसल्यावर फ्रीज रिकामा करून सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसला, रबराच्या खाचा जुन्या ब्रशनं घासल्या, काटा ४ वर यायला सकाळ होऊ दिली आणि मगच नवं जेल केलं. घाईनं अर्धवट गार फ्रीजमध्ये काही ठेवू नये.

मृग लागला आणि हवेत ओल आली तसा सुक्या शेवाळाचा नवा प्रश्न सुरू झाला. त्याच्या अंगावरचं मीठ ओलावा ओढतं. एका सकाळी डबा उघडला तर फांद्या वाकत होत्या, मोडत नव्हत्या. सासूबाई पुढे झाल्या. उघाड पडल्यावर धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर त्यांनी ते कडक उन्हात पसरलं, वरून जाळीदार कापड टाकलं, दर थोड्या वेळानं हातानं खालीवर केलं, आणि एक फांदी मोडून कट् असा आवाज आल्यावरच डब्यात भरू दिलं. ऊन उतरल्यावर लगेच भरू नका, आधी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून घाम येतो, हेही त्यांचंच. रंग थोडा उतरला, जेल मात्र आधीसारखंच धरलं. बुरशीचा ठिपका किंवा कुबट वास आला असता तर वाळवून उपयोग नव्हता, टाकावंच लागलं असतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ताई धामणगावहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेल्या. फ्रीजमध्ये अर्धी बरणी होती, थर्मासमध्ये बर्फ घालून न्यायची का असं त्यांनी विचारलं. धामणगावपर्यंत एसटी, मग स्टेशनवरची वाट पाहणं, मग रात्रभराची गाडी, एवढ्या वेळात ती कुठंतरी ५ अंशांच्या वर जाणारच. ती बरणी त्यांनी निघायच्या सकाळी संपवली आणि सुकं शेवाळ वर्तमानपत्रात नव्हे, कोऱ्या फडक्यात आणि त्यावर डब्यात बांधून दिलं. थर्मामीटर मी ठेवून घेतला आहे. आता तो दुधासाठी, दह्यासाठी आणि सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांसाठी कामाला येतो, त्या बाटलीवर २ ते ८ अंश असं छापलेलं आहे आणि तीही मी दाराच्या कप्प्यातून काढून मधल्या फळीवर ठेवली.